'बैरूत' बँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बैरूत' पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला साधारण तेच प्रश्न पडतात. हे कुठले लोक? हे लग्नातल्या बँडसारखं का वाजतंय? शब्द का कळत नाहीत? अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही बरीच लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

हा बँड लेबनॉनचा आहे का?

नाही. बँड अमेरिकेतला आहे. त्याचा गायक, गीतकार आणि संगीतकार झॅक कॉन्डन १९८६ साली न्यू मेक्सिको राज्यात जन्मला आणि तिथल्या सँटा फे शहरात वाढला. गाणी इंग्रजीत आहेत. लेबनॉनच्या किंवा एकूणच अरबी संगीताचा या बँडच्या गाण्यांशी फारसा संबंध नाही.

मग नाव 'बैरूत' का?

वेगवेगळ्या संस्कृती जिथे एकमेकींवर येऊन आदळतात असं शहर म्हणून हे नाव घेतलं, असं कॉन्डननं सांगितलेलं आहे. तेव्हा तो विशीचाही नव्हता आणि त्यानं ते शहर पाहिलेलंही नव्हतं. पहिला अल्बम मे २००६ मध्ये आला आणि दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, इस्रायल आणि लेबनॉनमधलं युद्ध पेटलं. खऱ्या बैरूतवर बॉम्ब पडत होते आणि त्याच नावाचा एक कोवळा पोरगा अमेरिकेत गाजत होता. लांबून सुंदर वाटलेलं नाव एवढं जड होऊ शकतं, हे इतक्या लवकर फार थोड्या कलाकारांच्या वाट्याला आलं असेल. पुढे २०१४ साली बँड लेबनॉनला गेला आणि बैरूतच्या उत्तरेला असलेल्या बिब्लोसच्या महोत्सवात वाजवून आला.

यांचं संगीत नेमकं कसलं?

दुकानाच्या फळीवर ते 'इंडी रॉक' किंवा 'इंडी फोक' या खणात ठेवलेलं सापडेल, पण रॉकची मुख्य खूण, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, इथे जवळजवळ नाहीच. तिच्या जागी ट्रम्पेट, फ्लुगलहॉर्न, ट्रॉम्बोन, अकॉर्डियन, युकुलेले आणि नाना प्रकारचे ऑर्गन आहेत. चाली बाल्कन, म्हणजे आग्नेय युरोपातल्या, देशांतल्या पितळी वाद्यवृंदांकडून, जुन्या फ्रेंच गाण्यांकडून, मेक्सिकोतल्या गावबँडकडून, इटलीतल्या मिरवणुकांकडून आलेल्या आहेत. आणि या सगळ्यावर कॉन्डनचा भरदार, कापरा, जुन्या काळच्या गायकांसारखा आवाज. तोच आवाज तो अनेक थरांत ध्वनिमुद्रित करतो, त्यामुळे एकटा गात असतानाही मागे चर्चमधला गायकवृंद उभा आहे असं वाटतं.

न्यू मेक्सिकोतल्या मुलाला बाल्कन संगीत भेटलं कुठे?

सँटा फेमध्ये तो परदेशी चित्रपट दाखवणाऱ्या एका थिएटरमध्ये काम करायचा. तिथे दुसऱ्या देशांतले सिनेमे बघता बघता सिसिली आणि बाल्कनमधलं संगीत त्याच्या कानावर पडलं. शाळा त्यानं अर्धवट सोडली. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो युरोपात भटकला आणि तिथे बाल्कन ब्रासनं, म्हणजे तिकडच्या पितळी बँडच्या संगीतानं, त्याला पुरतं धरलं. परत आला तो हेच वाजवायचं ठरवून.

पहिला अल्बम खरंच बेडरूममध्ये झाला?

बराचसा हो. 'गुलाग ऑर्केस्टार' हा अल्बम त्यानं अल्बुकर्कीत, मुख्यतः स्वतःच्या खोलीत, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून तयार केला. मदतीला त्याच गावातले दोन संगीतकार होते : जेरेमी बार्न्स आणि हेदर ट्रॉस्ट. हे दोघे 'अ हॉक अँड अ हॅकसॉ' या नावानं स्वतः बाल्कन आणि पूर्व युरोपीय संगीत वाजवतात. 'बा डा बिंग' या छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, अल्बम काढला.

हेडफोन लावून शीर्षकगीत ऐका. सुरुवातीला पियानो अडखळत येतो, मग ट्रम्पेट एकापाठोपाठ एक येऊन मिळतात. सूर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाच माणसानं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवले की प्रत्येक वेळी ओठांचा दाब, श्वास, सूर केसभर हलतो. त्या केसभर फरकामुळेच दहा-बारा थकलेले वादक एखाद्या गल्लीतून चालत येताहेत असा भास होतो. महागड्या स्टुडिओत हे 'दुरुस्त' केलं असतं तर गाणं मेलं असतं.

मुखपृष्ठाचीही गोष्ट आहे. ते छायाचित्र कॉन्डनला जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या एका ग्रंथालयातल्या पुस्तकात सापडलं होतं. छायाचित्रकार कोण हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की ते रशियातल्या सर्गेई चिलिकोव्ह यांचं आहे.

म्हणजे 'बैरूत' हा एकटा माणूस आहे की बँड?

दोन्ही. गाणी कॉन्डनची, निर्णय त्याचे. पण पहिला अल्बम गाजल्यावर मंचावर वाजवायला माणसं लागली आणि तिथून खरा बँड जमला. पेरिन क्लुटिए अकॉर्डियन वाजवतो, पॉल कॉलिन्स बेस, निक पेट्री ड्रम, आणि पितळी वाद्यांवर केली प्रॅट, बेन लान्झ, काइल रेसनिक असे वादक वेगवेगळ्या काळात राहिले आहेत. सगळा बँड एकत्र वाजतोय असं पहिल्यांदा ऐकू येतं ते २००७ च्या 'लॉन गिस्लँड' या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमवर. त्यातलं 'एलिफंट गन' हे त्यांचं बहुधा सर्वांत लाडकं गाणं.

गिटार का नाही?

मनगटाच्या जुन्या दुखापतीमुळे कॉन्डनला गिटारची रुंद मान नीट धरता येत नाही. युकुलेलेची मान अरुंद, तारा चारच, म्हणून तो तिकडे वळला. अडचणीतून निघालेली ही वाट बँडची ओळख बनली. गिटार असती तर ही गाणी इतर शंभर बँडसारखी वाजली असती, असं मला मनापासून वाटतं.

युकुलेलेचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर हवाईला ऊसमळ्यात कामाला गेले, त्यांनी आपलं छोटं तंतुवाद्य बरोबर नेलं आणि त्यातून तिथे युकुलेले घडलं. म्हणजे एक पोर्तुगीज वाद्य, पॅसिफिक बेटावर नवं नाव घेऊन, अमेरिकेतल्या मुलाच्या हातात बाल्कन चाली वाजवतंय.

हे ऐकताना लग्नाच्या वरातीची आठवण का येते?

कारण नातं खरंच आहे, कानाचा भ्रम नाही. या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण सगळ्या पानावर मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते हेच.

पितळी फुंकवाद्यं पूर्वी मोजकेच सूर काढू शकत. साधारण १८१५ नंतर जर्मन कारागिरांनी त्यांना व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, बसवल्या आणि मग तेच वाद्य सगळे सूर वाजवू लागलं. वाद्य टिकाऊ, आवाज मोठा, उघड्यावर वाजवायला सोयीचं. फौजांना यापेक्षा वेगळं काय हवं होतं? एकोणिसाव्या शतकात जिथे जिथे युरोपीय धाटणीच्या पलटणी गेल्या तिथे तिथे हे बँड गेले. इस्तंबूलमध्ये सुलतान महमूद दुसरा यानं १८२६ साली जुनं जॅनिसरी सैन्य मोडलं, त्याबरोबर त्यांचा 'मेहतेर' नावाचा वाद्यवृंदही गेला, आणि नव्या धर्तीचा लष्करी बँड उभारायला १८२८ मध्ये इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती आले. सर्बियात १८३१ साली प्रिन्स मिलोश ओब्रेनोविच यांच्या दरबारी पहिला असा बँड उभा राहिला. मेक्सिकोतही फौजी बँडच्या धर्तीवर खेड्यापाड्यांत वाद्यवृंद तयार झाले. हिंदुस्थानात ब्रिटिश पलटणींच्या बँडवरून आपला बँडबाजा आला.

पुढची गोष्ट सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखी आहे. फौजेची वाद्यं गावातल्या वादकांच्या हाती आली आणि त्यांनी त्यांवर कवायतीच्या चाली सोडून आपल्या चाली वाजवायला सुरुवात केली. लग्न, जत्रा, अंत्ययात्रा. बाल्कनमध्ये हे वादक बहुतांशी रोमा समाजाचे, ज्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे आणि ज्यांचे पूर्वज भारतातूनच पश्चिमेला गेले. आपल्याकडे बँडवाल्यांनी सनई-चौघड्याची जागा घेतली, नाट्यपदं वाजवली, मग सिनेमाची गाणी.

गोव्यात वाट जरा वेगळी होती. तिथे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि फुंकवाद्यं शिकवली जात. त्यातून तयार झालेले वादक मुंबईला आले, हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा झाले. आल्दोना गावचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यातलं मोठं नाव. आजही गोव्यात गावच्या फेस्ताला मिरवणुकीपुढे ब्रास बँड असतो.

तेव्हा 'बैरूत'चा ट्रम्पेट ऐकून तुम्हाला आपल्या गल्लीतली वरात आठवली, तर ती आठवण अगदी योग्य ठिकाणी पोचलेली आहे.

पहिल्यांदा ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

'एलिफंट गन'पासून. आधी नुसतं युकुलेले, मग आवाज, मग ताल, आणि नंतर पितळी वाद्यं आत येतात तेव्हा खोलीची भिंत मागे सरकल्यासारखं वाटतं. शेवटी शब्द संपतात आणि वाद्यंच बोलत राहतात. त्यानंतर 'पोस्टकार्ड्स फ्रॉम इटली', मग 'नॉन्त', मग 'सँटा फे'. एवढं आवडलं तर 'द फ्लाइंग क्लब कप' हा पूर्ण अल्बम सलग ऐका. 'गुलाग ऑर्केस्टार' तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. ते सर्वांत कच्चं आहे, आणि बँडची ओढ लागल्यावर त्या कच्चेपणाची किंमत जास्त कळते.

फ्रेंच अल्बम कोणता म्हणतात तो?

२००७ च्या ऑक्टोबरमधला 'द फ्लाइंग क्लब कप'. बाल्कन वरातीतून बाहेर पडून कॉन्डन इथे फ्रेंच 'शाँसाँ'कडे, म्हणजे शब्द आणि नाट्य यांना महत्त्व देणाऱ्या जुन्या फ्रेंच गाण्यांकडे वळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पॅरिसमधल्या गरम हवेच्या फुग्यांच्या एका छायाचित्रावरून अल्बमला नाव मिळालं. तंतुवाद्यांची रचना कॅनडाच्या ओवेन पॅलेट यांची आहे आणि 'क्लिको' या गाण्यात आवाजही त्यांचाच. 'नॉन्त'च्या मधोमध फ्रेंच संवादाचा तुकडा येतो. तो कळला नाही तरी काही बिघडत नाही, शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखा तो येतो आणि जातो.

या अल्बमच्या सगळ्या गाण्यांचं चित्रीकरण व्हिन्सेंट मून या फ्रेंच चित्रपटकारानं केलं आहे. मंच नाही, दिवे नाहीत. वादक रस्त्यावर, घरांत, चालत-फिरत वाजवतात. हा बँड ऐकण्यापेक्षा बघायचा असेल तर हेच आधी बघा. पितळी वाद्यं मुळात चालता चालता वाजवण्यासाठीच आहेत, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

मेक्सिकोचा काय किस्सा आहे?

२००९ च्या फेब्रुवारीत 'मार्च ऑफ द झापोटेक' आणि 'हॉलंड' अशा दोन ईपी एकत्र आल्या. 'हॉलंड' हा संगणकी वाद्यांवरचा, कॉन्डनच्या किशोरवयातल्या 'रिअलपीपल' या जुन्या प्रकल्पाच्या नावाखाली आलेला भाग. तो ठीक आहे, पण त्यावर थांबायचं कारण नाही.

थांबायचं ते पहिल्यावर. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तेओतितलान देल वाये नावाचं झापोटेक लोकांचं गाव आहे. लोकरीच्या हातमागावरच्या गालिच्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या हिमेनेझ बँडबरोबर, म्हणजे एकोणीस वादकांच्या गावबँडबरोबर, कॉन्डननं ही गाणी केली. ओआहाकातले असे बँड गावच्या सणांना वाजवतात आणि अंत्ययात्रेलाही. त्यामुळे आनंदाची चाल आणि शोकाची चाल यांत त्यांच्याकडे फार अंतर नसतं.

'ला योरोना' लावा. नाव मेक्सिकोतल्या रडणाऱ्या स्त्रीच्या दंतकथेचं आहे, पण त्याच नावाच्या प्रसिद्ध लोकगीताशी याची गल्लत करू नका, हे कॉन्डनचं वेगळं गाणं आहे. ट्यूबा खाली जमिनीवर पाय आपटतो, वर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट थोडे सैल, थोडे मागे-पुढे. पहिल्या अल्बममध्ये एकटा माणूस गर्दीचा भास निर्माण करत होता. इथे खरी गर्दी आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की कल्पनेतला बँड आणि गावातला बँड यांतला फरक कानाला थेट कळतो. गावबँडचं वजन वेगळंच असतं. ते वादक रोज एकमेकांबरोबर जगलेले असतात.

दुसऱ्यांचं लोकसंगीत असं उचलणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. बँडच्या चाहत्यांना तो आवडत नाही, पण म्हणून टाळता येत नाही.

आक्षेप असा : बाल्कनमधल्या रोमा वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या हालअपेष्टा सोसून जे संगीत जपलं, ते अमेरिकेतल्या एका मध्यमवर्गीय मुलानं खोलीत बसून उचललं आणि नाव त्याचं झालं. मूळ वादकांना युरोपातल्या अनेक शहरांत आजही सन्मानानं राहता येत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. त्यातही पहिल्या अल्बमच्या नावातला 'गुलाग' हा शब्द मला आजही खुपतो. गुलाग म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्या, जिथे लाखो माणसं मेली. बाल्कन ब्रासशी त्यांचा काही संबंध नाही. पूर्व युरोप म्हणजे सगळा एकच धूसर, दुःखी प्रदेश, असं समजून तो शब्द वापरला गेला, आणि हे वय लहान होतं म्हणूनही पटत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. कॉन्डननं आपण अस्सल बाल्कन संगीत वाजवतो असा दावा कधी केला नाही. चाली त्यानं स्वतः बांधल्या, कुणाचं पारंपरिक गाणं स्वतःच्या नावावर खपवलं नाही. उत्तर मॅसिडोनियाच्या कोचानी ऑर्केस्टार या ब्रास बँडचं 'सिकी सिकी बाबा' वाजवलं तेव्हा ते त्यांचं गाणं म्हणूनच वाजवलं. आणि मुख्य म्हणजे तो खोलीत बसून राहिला नाही. मेक्सिकोच्या गावात गेला, हिमेनेझ बँडचं नाव दिलं. इटलीत जाऊन राहिला, नॉर्वेच्या बेटावर जाऊन राहिला. कल्पनेतल्या जागांची गाणी करणारा मुलगा हळूहळू खऱ्या जागांवर जाऊन, तिथली वाद्यं हाताळून गाणी करू लागला. बँडच्या वीस वर्षांच्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

श्रोत्याची जबाबदारी मात्र उरतेच. 'बैरूत' ऐकून तिथेच थांबलात तर आक्षेप खरा ठरतो. मूळ वादकांपर्यंत गेलात तर ठरत नाही.

मग मूळ वादक कोण? कुणाला ऐकू?

तीन नावं पुरेत. रोमानियातल्या झेचे प्रजिनी या छोट्या गावचा 'फानफारे चोकर्लिया'. वेग इतका की पहिल्यांदा ऐकताना ध्वनिमुद्रण पुढे पळवलंय अशी शंका येते. सर्बियाचे बोबान मार्कोविच आणि त्यांचा वाद्यवृंद. ट्रम्पेटवर एवढी हुकूमत आणि एवढी माया एकत्र क्वचित ऐकायला मिळते. आणि उत्तर मॅसिडोनियाचा कोचानी ऑर्केस्टार, ज्यांच्या चालींत तुर्की वळणं जास्त आहेत. बोबान मार्कोविच सर्बियातल्या गुचा गावच्या ट्रम्पेट महोत्सवाचे अनेकदा विजेते ठरले आहेत. तो महोत्सव १९६१ पासून भरतो आणि त्या दिवसांत त्या छोट्या गावात पाय ठेवायला जागा नसते.

गाण्यांचे शब्द कळत नाहीत. इंग्रजी कच्चं म्हणून?

नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही बरेचदा कळत नाहीत. कॉन्डन आधी चाल बांधतो, शब्द सर्वांत शेवटी येतात, आणि गाताना तो स्वर लांबवत व्यंजनं विरघळू देतो. शब्दांकडे वाद्य म्हणून बघा. आपण ठुमरीत एकाच ओळीवर दहा मिनिटं रमतोच की. गाण्यांची नावं मात्र वाचत चला : ब्रँडनबर्ग, ब्रातिस्लाव्हा, शेरबुर्ग, व्हेनिस, ईस्ट हार्लेम, जिब्राल्टर, पर्थ, कॉर्फू. शब्दांपेक्षा या नावांतूनच गाण्याची हवा जास्त कळते.

'द रिप टाइड' आणि 'नो नो नो' वेगळे का वाटतात?

कारण त्यांत कुठल्या एका देशाची छाया नाही. २०११ चा 'द रिप टाइड' कॉन्डननं स्वतःच्या 'पॉम्पे' या लेबलवर काढला. 'सँटा फे' हे गाणं त्याच्या स्वतःच्या गावावर. जग फिरून झाल्यावर पहिल्यांदा घराकडे पाहणं. पितळी वाद्यं आहेत, पण ती आता कुणाची नक्कल करत नाहीत. २०१५ चा 'नो नो नो' अर्ध्या तासाहूनही कमी वेळाचा, हलका, उन्हासारखा. तो मला विरळ वाटतो. शीर्षकगीत छान आहे.

त्यांचे दौरे सारखे रद्द का होतात?

२००६ मध्येच अतिश्रमामुळे कॉन्डनला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं आणि युरोपचा दौरा अर्धवट सुटला. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा तसंच झालं. २०१९ मध्ये घशाच्या त्रासामुळे उरलेले कार्यक्रम सोडावे लागले. तिकीट काढून बसलेल्यांची निराशा समजण्यासारखी आहे. तरी ट्रम्पेट फुंकायचा आणि त्याच घशानं दीड तास गायचं, तेही रोज नव्या शहरात, हे शरीर किती पिळून काढतं याचा विचार करावा.

'गॅलिपोली' हा पहिल्या महायुद्धावरचा अल्बम आहे का?

नाही, ते तुर्कस्तानातलं गॅलिपोली. हे दक्षिण इटलीत, पुलिया प्रांतात, समुद्रात घुसलेलं तटबंदीचं जुनं गाव आहे. तिथे एका संध्याकाळी कॉन्डनला ब्रास बँडची मिरवणूक भेटली : पुढे गावच्या संताची मूर्ती घेतलेले पाद्री, मागे वाजंत्री आणि त्यामागे सारं गाव अरुंद गल्ल्यांतून. त्यावरून त्यानं दुसऱ्या दिवशी शीर्षकगीत रचलं. आळंदीची पालखी, कोकणातली शिमग्याची पालखी किंवा गोव्यातलं फेस्त पाहिलेल्या कुणालाही त्या गाण्यातली चालण्याची लय ओळखीची वाटेल.

अल्बम २०१९ चा. त्यात वाजणारा फारफिसा ऑर्गन कॉन्डनला सँटा फेमधल्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी मिळालेला होता. एका फिरत्या सर्कशीचा वादक कळा बिघडल्यावर तो तिथेच टाकून गेला होता. पुढे कॉन्डननं तो आईवडिलांच्या घरून मागवून घेतला आणि त्याच बिघडक्या वाद्यावर या गाण्यांची सुरुवात झाली.

'हाड्सेल' मध्ये तो घुमणारा आवाज कशाचा?

चर्चच्या ऑर्गनचा. घसा बिघडून दौरा थांबल्यावर, २०२० च्या सुरुवातीला, कॉन्डन उत्तर नॉर्वेतल्या हाड्सेल बेटावर जाऊन राहिला. आर्क्टिक वृत्ताच्याही वर. हिवाळ्यात तिथे आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. बेटावर १८२४ साली बांधलेलं अष्टकोनी लाकडी चर्च आहे आणि तिथला ऑर्गन वाजवायची त्याला मुभा मिळाली. अल्बम २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला. 'स्टोकमार्क्नेस' आणि 'मेल्बू' ही गाण्यांची नावं त्याच बेटावरच्या गावांची आहेत.

हा अल्बम एकट्यानं, रात्री ऐकावा. इथे तो पुन्हा पहिल्या अल्बमसारखा एकटाच बहुतेक सगळं वाजवतो, पण आता हातात मधल्या इतक्या वर्षांची समज आहे. मराठी कानाला यात आणखी एक ओळख सापडते. कॉन्डन चर्चच्या मोठ्या ऑर्गनखेरीज पायानं भाता चालवायचा छोटा ऑर्गनही वापरत आला आहे. तीच आपली पायपेटी. बालगंधर्वांच्या काळापासून संगीत नाटकात नटाच्या गळ्याला ज्या ऑर्गननं साथ केली, तो भरलेला, किंचित नाकातला स्वर तुम्हाला त्याच्या गाण्यांतही भेटेल.

सर्वांत नवं काय आहे?

एप्रिल २०२५ मधला 'अ स्टडी ऑफ लॉसेस'. स्वीडनच्या 'कोम्पानी जिराफ' या सर्कस मंडळीच्या प्रयोगासाठी हे संगीत केलं आहे. प्रयोगाचा आधार जर्मन लेखिका युडिथ शालान्स्की यांचं, जगातून नाहीशा झालेल्या गोष्टींवरचं पुस्तक. मधल्या वाद्यरचनांना चंद्रावरच्या 'समुद्रां'ची नावं दिली आहेत. तंतुवाद्यं भरपूर, घाई अजिबात नाही.

ब्राझीलमध्ये हा बँड एवढा लोकप्रिय कसा?

२००८ मध्ये तिथल्या ग्लोबो वाहिनीच्या 'कापितू' या मालिकेत 'एलिफंट गन' वाजलं आणि घराघरांत पोचलं. पुढे बँडनं कायतानो व्हेलोझो यांचं 'ओ लियाओझिन्यो' पोर्तुगीजमध्ये गाऊन त्या प्रेमाची परतफेड केली.

अशा वाटेवरचे आणखी कोण आहेत?

अमेरिकेत 'अ हॉक अँड अ हॅकसॉ' आणि डेन्व्हरचा 'डेव्होच्का'. अंगात जास्त आग हवी असेल तर न्यूयॉर्कचा 'गोगोल बोर्डेल्लो'. आपल्याकडे दिल्लीचा 'इंडियन ओशन' १९९० पासून हे काम करतो आहे. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतल्या प्राचीन प्रार्थनेवरचं त्यांचं 'कंदिसा' अजूनही अंगावर काटा आणतं. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग ड्रम आणि गिटारवर गातो, आणि तेही शब्दांना धक्का न लावता.

पण महाराष्ट्रातल्या ब्रास बँडकडे असं अजून कुणी मनापासून वळलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. डीजेच्या भिंतींनी त्यांची सुपारी हिरावली. कॉन्डनला जे शोधायला ओआहाकापर्यंत जावं लागलं, ते आपल्याकडे तालुक्याच्या गावात, मुख्य चौकातल्या बँडच्या ऑफिसात बसलेलं आहे. एखाद्या तरुण मराठी बँडनं त्या वादकांना बरोबर घेऊन, त्यांचं नाव आणि मानधन देऊन, नव्या चाली कराव्यात.

मला ही गाणी वाजवायची आहेत. काय लागेल?

युकुलेलेपासून सुरू करा. 'कॉन्सर्ट' आकाराचं घ्या, बोटांना जागा मिळते. तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. पेटी घरात असेल तर तिच्यावरून सूर मिळवता येतील. हातात ठेका बसवण्यासाठी 'अ संडे स्माइल' घ्या. ते तीनच्या मोजणीत आहे, पहिली मात्रा जोरात आणि पुढच्या दोन हलक्या. दादरा वाजवणाऱ्याला ही चाल लगेच जमते, फक्त प्रत्येक तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा तेवढाच जोर द्यायचा.

ट्रम्पेट शिकायचा असेल तर मेरठच्या जली कोठी भागात बनलेली वाद्यं परवडणारी असतात, आणि बहुतेक बँडवाले तीच वाजवतात. घेण्याआधी एखाद्या जुन्या बँडवाल्याला बरोबर न्या आणि तिन्ही कळा अडकत नाहीत ना, हे त्याला तपासू द्या. पहिले काही आठवडे नुसता लांब सूर धरायचा सराव करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि दुपारची वेळ टाळा.